पहिला फवारा देवाला

बाटली रिकामी होती. मी ती उजेडात धरली, हलवली, पंप चार वेळा दाबला. नुसतं फुस्स.

"जनाबाई, ही महिन्याची बाटली आहे. आज बारावा दिवस. औषध गेलं कुठं?"

"जाईल कुठं? वापरला ना, बाय. तू सांगितलास तसाच."

"सुनेनं घेतलं?"

"तिचा नाक चांगला हाय."

"नातवंडांनी खेळायला घेतली असेल."

"देवाच्या फळीवर ठेवतंय मी. कोन हात लावील?"

माझं डोकं तापायला लागलं होतं. बाहेर बाकावर पंधरावीस पेशंट खोकत होते, आणि लग्न तेरा दिवसांवर आलं होतं. हे लग्न कुणाचं आणि त्याचा माझ्या बाटलीशी काय संबंध, ते आधी सांगते.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. राहायला कल्याणला. आठवड्यातून तीन दिवस शहापूरला बसायचे, रविवारी संध्याकाळी मुरबाडला. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. त्या भागात नाकाचे पेशंट काही कमी नव्हते. भातझोडणीची धूळ, गिरणीचा कोंडा, वीटभट्टीचा धूर, चुलीचा धूर. नाक बिचारं किती गाळणार?

जनाबाई किन्हवलीजवळच्या एका गावातली. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. ती धवलारीण. आमच्या भागातल्या शेतकरी समाजांत लग्न लावायचा मान पिढ्यान् पिढ्या तिचा. ती मांडवात बसून धवले म्हणते, म्हणजे लग्नातली विधीची गाणी. हळदीचं वेगळं, तांदळाचं वेगळं, देवांना बोलावण्याचं वेगळं. एकही ओळ कुठं लिहिलेली नाही. सगळं तिच्या डोक्यात आणि गळ्यात.

पहिल्यांदा आली तेव्हा सोबत पुतण्या होता, बाळाराम. खुर्चीत बसायच्या आधी जनाबाईनं पदराची गाठ सोडली, तीतून थेंबांची एक छोटी बाटली काढली, मान मागं टाकली, दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले, आणि मग म्हणाली, "हां. आता बोल, बाय."

"हे थेंब किती दिवस टाकताय?"

"दिवस?" ती बाळारामकडं बघून हसली. "ह्याची सुमन चवथीला व्हती, तवापासून."

"आता सुमन काय करते?"

"लगीन करते," बाळाराम म्हणाला.

हेच ते लग्न. सुमन बाळारामची मुलगी. नवरा मुलगा सरळगावकडचा. मुलाचा बाप भास्करराव कंपनीत सुपरवायझर, टापटिपीचा माणूस. त्यानं व्हिडीओ शूटिंग ठरवलं होतं. साखरपुड्याला त्यानं जनाबाईचं गाणं ऐकलं आणि बाळारामला बाजूला घेऊन सांगितलं, की बाईचा आवाज नाकातून येतो, मधेमधे दम लागतो, कॅसेटमध्ये कायमचं राहील ते. आमी भटजी आणतो, अर्ध्या तासात लग्न लागंल.

बाळारामनं हातापाया पडून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं, की भटजी आणा, पण खुर्चीवर बसवून ठेवा. पहिल्या धवल्यात काकी अडखळली तर भटजींनी पुढचं लग्न लावावं.

"आन एकदा भटजी बसला ना," जनाबाई म्हणाली, "की मंग सगल्यांकडं तोच बसनार. माझ्या आयशीनं मला दिलेला मान हाय ह्यो. माझ्या हातनं जाया नको." आणि तिनं डोळ्याला पदर लावला. एवढी फटकळ बाई. मला एकदम वाईट वाटलं.

आता थोडं शास्त्र. आपल्या गालाच्या आणि कपाळाच्या हाडांत पोकळ खोल्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. प्रत्येक खोलीला नाकात उघडणारं एक छोटं दार. नाकातल्या ओल्या अस्तराला कायमची सूज आली की ती दारं बंद पडतात, पावसाळ्यात लाकडी दार फुगून बसतं तशी. आत पाणी साचतं, डोकं जड होतं, वास जातो. आणि लोक म्हणतात "आवाज नाकातून येतो", ते उलट आहे. नाक बंद असलं की आवाज नाकातून यायचा थांबतो. मग 'मांडव' म्हणायला गेलं की 'बांडव' निघतं. भास्कररावांना मी हे पुढं समजावून सांगितलं, पण त्यांना काही त्यात रस दिसला नाही.

जनाबाईचे थेंब म्हणजे आगीत तेल. ते टाकले की पाच मिनिटांत नाक मोकळं होतं, कारण फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दोन तासांनी असर उतरतो आणि त्याच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. पुन्हा थेंब. हे थेंब चारपाच दिवसांच्या वर वापरायचे नसतात. ही बाई सुमन चौथीत असल्यापासून टाकत होती. दिवसातून दहा वेळा!

मी तपासलं. अस्तर सुजून सुजून दोन्ही बाजूंनी गच्च. ऑपरेशन लागण्यासारखं काही नव्हतं. सांगितलं, "थेंब बंद. त्याऐवजी दोन गोष्टी. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं आणि हा स्प्रे मारायचा."

स्प्रे म्हणजे स्टिरॉइडचा फवारा. नाव ऐकून बाळाराम दचकला. त्याच्या ओळखीचा कुणी ठाण्याला जिममध्ये स्टिरॉइड घेऊन आजारी पडला होता. मी म्हटलं, "अरे, हे मलमासारखं आहे. जिथं सूज तिथंच लावायचं. पोटात, अंगात फारसं जात नाही."

"म्हंजे नाकाचा मलम."

"हो, तसंच समज."

थेंब सोडवणं हे खरं काम. एकदम बंद केले तर पेशंट तळमळतो आणि चोरून टाकतो. म्हणून मी एक युक्ती करायचे. आधी एका नाकपुडीचे बंद करायचे, आठवड्यानं दुसरीचे.

"म्हंजे अर्धा नाक उपाशी?" जनाबाई.

"अर्धं उपाशी, अर्धं जेवतंय. चालेल?"

"चालंल. एकादशी हाय असा समजेन."

मग स्प्रे शिकवला. ही बाई सवयीनं मान मागं टाकून, तोंड उघडून, माडाचे नारळ मोजायला बसल्यासारखी. मी ओरडले, "मान खाली! स्वतःच्या चपला बघा. डाव्या नाकपुडीला उजवा हात. टोक बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्याकडं नाही, नाहीतर रक्त येतं. आणि जोरात ओढायचं नाही, मोगरा हुंगतो तेवढंच."

तिनं मारला. थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्याकडं संशयानं बघितलं.

"लागला नाय काय! पानी भरलंस काय ह्यात?"

आमच्या भागात औषध झोंबलं पाहिजे. डोळ्यात पाणी यावं, इंजेक्शननं दोन दिवस लंगडावं, तर डॉक्टर चांगला. मी म्हटलं, "हे झोंबत नाही. आणि लगेच गुणही येत नाही. आठपंधरा दिवस रोज मारायचा, न चुकता, सकाळी एकेक आणि संध्याकाळी एकेक. तेव्हा दारं उघडतील."

"रोज?"

"रोज."

"बरा," ती म्हणाली. धवलारणीला नेमाचं मोठं कौतुक असतं. हे मला तेव्हा गोड वाटलं होतं.

पाच दिवसांनी फेरी झाली तेव्हा सून आली होती सोबत, तारा. तिनं सांगितलं, आत्याबाई परसात पाटावर बसून, पाणी उकळून गार करून, मोजून मीठ नि चिमूटभर सोडा घालून नाक धुतात. एका नाकपुडीतून घालतात, दुसरीतून काढतात. आणि आळीतली पोरं नि बाया बघायला जमतात.

"एका म्हातारीनं तर पाया पडून विचारला," तारा म्हणाली, "की अंगात येतंय काय तुमच्या."

"आन मी बोल्ली, येत व्हता ता बाहेर काढतंय!" जनाबाई खदखदा हसली. थेंब बंद केलेल्या डाव्या नाकपुडीतून थोडी हवा जायला लागली होती. मी खूश.

आठव्या दिवशी दुसऱ्या नाकपुडीचे थेंबही बंद करायचे होते. आदल्या दिवशी तिनं तीही कोरडी ठेवून बघितली होती आणि मरणाचा त्रास झाला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी पदराची गाठ सोडून ती बाटली तिनं आपणहून माझ्या टेबलावर ठेवली. "घे. तुझ्याकडं ठेव. माझ्या हाताला लागली तर मी टाकीन." तिच्याबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला तो शिकलेल्या पेशंटांबद्दल क्वचित वाटतो. ते थेंब लपवतात आणि 'नाही हो डॉक्टर' म्हणतात.

आणि आता बारावा दिवस, रिकामी बाटली. नाक नव्वद टक्के सुधारलेलं. आत्ता स्प्रे तुटला तर सूज परत. सूज आली की थेंब परत. शहापुरात त्या काळी हा स्प्रे कुणी दुकानात ठेवत नसे. मागवायचा म्हणजे आठवडा जायचा. माझ्या मुरबाडच्या क्लिनिकात सॅम्पलची एकच बाटली होती. तीही अशीच बारा दिवसांत संपली तर लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही ठणठणगोपाळ.

"जनाबाई, मारून दाखवा. अगदी घरी मारता तसा."

ती उठली. पदर सारखा केला. चपला काढल्या. बाटली दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली. मग वर तोंड करून रिकाम्या बाटलीचा एक फुसका फवारा छताकडं. "गनपती बाप्पा." एक दाराकडं. "गावदेवी माऊली." एक खिडकीकडं, डोंगराच्या बाजूला. "वाघदेवा." मग मान खाली, चपला बघत, डावीत एक, उजवीत एक. एकदम पुस्तकात छापावं असं टेक्निक.

मी कपाळाला हात लावला.

हिशोब सोपा होता. एका बाटलीत एकशेवीस फवारे. रोज नाकाचे चार म्हणजे तीस दिवस. पण देवांचे रोज सहा. दहाच्या हिशोबानं बरोबर बारा दिवस. माझ्या औषधाचा मोठा हिस्सा देव घेत होते.

"हे कुणी सांगितलं तुम्हांला?"

"तूच!"

"मी?"

"तू नाय काय पयला हवेत उडवलास? तीनचार डाव? मी इचारला, बाय, ह्यो वर कोनाला? तू बोल्लीस, आधी वर सोडायचा, मंग नाकात."

आठवलं. मेले मी! नवीन बाटलीचा पंप कोरडा असतो. पहिल्यांदा तीनचार वेळा हवेत दाबून तो भरून घ्यावा लागतो, एकदाच. मी ते दाखवलं होतं. बाहेर गर्दी होती, तिचा प्रश्न मी ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. 'एकदाच' हा शब्द माझ्या तोंडातून निघालाच नव्हता. आणि वर सोडलेलं कुणाला जातं, हे धवलारणीला कुणी समजावून सांगायची गरज नसते.

चूक माझी, पण तडकले मी तिच्यावरच. माणसाचा स्वभाव. "अहो, देवांची नाकं चोंदलीत का?"

"असा बोलू नये, बाय." ती गंभीर झाली. "देवाला दिल्याबिगर धवलारीन तोंडात घास घेत नाय. ह्यो तर नाकात जातंय."

तारानं मार्ग काढला. "ही रिकामी बाटली हाय ना, तीत मीठपानी भरू. देवाला त्याचा फवारा, नाकाला औषधाचा."

जनाबाईनं सुनेकडं असं बघितलं की मीच दोन इंच मागं सरकले. "देवाला मीठपानी? आन मी औषध घेनार? नरकात धाडतेस काय मला?"

  बाहेर कुणीतरी दार वाजवलं.  शेवटी मी अंधारात एक दगड मारला.

"जनाबाई, तुम्ही लग्नात पहिल्या धवल्यात काय करता?"

"देवांना आवतन देतंय. सगल्यांची नावा घेऊन."

"आणि मग हळदीच्या धवल्यात परत बोलावता?"

"कशाला? आलेले असतात ना. मांडवात बसलेले असतात."

"आणि लग्न लागताना?"

"तवा बी हायतच. मांडव सुटंपत्तूर कुठं जातात!"

"मग एका मांडवाला एक आवतण पुरतं?"

"पुरता."

"तर मग एका बाटलीला किती आवतणं?"

ती बाटलीकडं बघत राहिली.  कायद्याचा मुद्दा होता, आणि कायदा तिचा होता.  

"हा," जनाबाई शेवटी म्हणाली. "बाटली संपंपत्तूर ते बसलेलेच. मीच येड्यावानी रोज बोलावतंय. शरमले असतील बिचारे." मग माझ्याकडं वळून, "तुला ह्या आधी सांगाया काय झाला व्हता?"

दुसऱ्याच दिवशी मी मुरबाडहून सॅम्पलची बाटली मागवून तिला पाठवली. पंप भरायचे तीन फवारे तिनं तिघा देवांना रीतसर दिले. पुढचे सगळे नाकात.

लग्न रविवारी होतं, दुपारी साडेबाराचं. माझी मुरबाडची ओपीडी चारला. म्हटलं, लग्न लागेल, जेवीन आणि किन्हवलीहून एसटी पकडून वेळेवर पोचेन. सकाळी नाश्ता केला नव्हता. लग्नाचं जेवण म्हणून पोट रिकामं ठेवलं होतं.

मांडवात भास्करराव कॅमेरावाल्याला सूचना देत होते. शेजारी खुर्चीवर भटजी, सोवळं नेसून, घड्याळ बघत. त्यांना तीनला टोकावड्याचं दुसरं लग्न होतं. पाटावर जनाबाई, हिरवं लुगडं, शेजारी तिच्या दोन जोडीदारणी. बाळाराम मांडवाच्या खांबाला धरून उभा, तोंड पांढरंफटक.  परीक्षा जशी काही माझीही होती.

तिनं पहिला धवला उचलला.

मी सवयीनं तिचे श्वास मोजायला लागले. पहिला श्वास घेतला तो नाकातून, तोंड मिटून, खोल. आणि आवाज आला तो असा स्वच्छ, भरलेला, की मोजायचं राहूनच गेलं. गणपती आले, गावदेवी आली, वाघदेव आले. 'मांडव' म्हणाली आणि मांडवच ऐकू आलं. कुठं अडखळणं नाही. भास्कररावांनी भटजींकडं बघितलं. भटजींनी मान डोलावली. बाळाराम खांबाला धरून ढसाढसा रडायला लागला.

पहिला धवला संपला. दुसरा झाला. तिसरा झाला. लग्न लागलं नाही. चौथा सुरू झाला.

दीड वाजता मी जोडीदारणीला हळूच विचारलं, "अजून किती?"

"काय सांगू, बाय," ती कुजबुजली. तिचे डोळे चमकत होते. "ह्यातलं निम्मं आमी दहा वर्सांत बोल्लोच नव्हतो. जनीला दम पुरत नव्हता, म्हनून ती गालायची. आज सगला काढलाय तिनं."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. नाक उघडल्यावर ते किती वेळ मिटत नाही, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. दोनला भटजी दक्षिणा न मागता उठून टोकावड्याला गेले. कॅमेरावाल्याची कॅसेट संपली, त्यानं दुसरी घातली. स्वयंपाकाच्या बाजूनं वरणाचा वास येत होता, नंतर गार वरणाचा.

मग तिनं आईचा धवला घेतला. मुलीला देताना आई काय म्हणते, तो. त्यातल्या ओळी लांब, एका दमात म्हणायच्या. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. सुमनची आई उभ्या उभ्या हलली. मला माझी आई आठवली, कल्याण स्टेशनवर हॉस्टेलला पोचवायला आलेली. मी भर मांडवात रडले, डॉक्टर असून. आणि रडता रडता पोटात कावळे ओरडत होते, तेही खरं.

तीन वाजून गेल्यावर भास्करराव वाकून माझ्याकडं आले. हात जोडलेले. "म्याडम, औषध तुमीच दिलंत ना?"

"हो."

"लय गुन आला. आता जरा कमी करायचा काय तरी असंल तर द्या ना. मानसा उपाशी हायत."

मी काही बोलायच्या आत मागून त्यांच्या आईनं त्यांच्या पाठीत काठी टोचली. सत्तरी ओलांडलेली म्हातारी, डोळे पुसत बसलेली. "गप बस रे! माझ्या लग्नात असाच झाला व्हता, दिवसभर. धाकट्याच्या लग्नाला बी हीच. भटजी आनलास तर मी मांडवात पाय ठेवनार नाय."

"बरा, आई," भास्करराव म्हणाले आणि जाऊन खाली बसले.

लग्न चारला पाच कमी असताना लागलं. मी न जेवता पळाले. मुरबाडला पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि ओपीडीत दंगल व्हायची बाकी होती. "लग्नाला गेलेले" म्हटल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "स्वतःच्या का?"

जनाबाईला त्या हंगामात आणखी सात लग्नं आली. तिचा स्प्रे पुढं हळूहळू कमी केला, नाक धुणं चालू ठेवलं. नव्या बाटलीचा पंप हवेत एकदाच भरायचा, हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक पेशंटकडून तीनदा म्हणवून घेते. नाक मोकळं करणं डॉक्टरच्या हातात असतं, पुढचं नसतं. पेशंटच्या लग्नाला मी आता घरून जेवून जाते.